अक्षय तृतीयेचा बॅकअप

वधू-वर मंडळाची माहिती सर्व्हरवर ठेवू, हे ऋषिराजनं मंडळ चालवणाऱ्या रहिमतपूरच्या अंजनाआत्याला मोठ्या मिनतवारीनं पटवलं होतं. एकाच मशीनमध्ये त्यानं दोन कंटेनर केले, म्हणजे एका घरात भिंत घालून दोन खोल्या: एकीत वधू, दुसरीत वर. आधी प्रत्येक खोलीत हजारो सुट्या फायली पसरलेल्या. कॉपी करताना जीव जायचा. मग त्यानं एकेका कंटेनरचा सगळा पसारा एकाच मोठ्या फायलीत कोंबला. सुटे दाणे वेचत बसण्यापेक्षा पोतं शिवून उचलावं, तसं.

"बॅकअप तेवढा रोज घ्यायचा, आत्या."

"रोज कशाला रं? अक्षय तृतीयेला घेतलाय न्हवं? त्या दिवशी ठेवलेलं कवा सरत न्हाई."

बॅकअपची डिस्क आत्यानं हळदकुंकू लावून देवघरात ठेवलेली. आंघोळ केल्याशिवाय तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ऋषिराजलाही, खरं सांगायचं तर, कंटाळाच होता. आळसाला देवाचं निमित्त मिळालं की माणूस लय सुखी होतो.

खंडेनवमीला आत्यानं सर्व्हरची पूजा मांडली. झेंडू झाला, गंध झालं. नारळ जरा बाजूला फोडावा की नाही? पण नाही. मशीनच्या डोक्यावरच फोडला! पाणी जाळीतून आत गेलं, फट् आवाज झाला आणि मशीन गार पडलं. आतली डिस्क नव्या मशीनला जोडून पाहिली, तर दोन्ही मोठ्या फायली उघडेनात. सुट्या असत्या तर निम्म्या तरी वेचता आल्या असत्या. पोतंच भिजल्यावर काय वेचणार?

ऋषिराजनं आंघोळ केली, देवघरातली डिस्क आणली आणि सगळं परत चढवलं.

"बघ! म्हणलं न्हवतं?" आत्या म्हणाली.

परत आलं खरं, पण वैशाखातलं. उन्हाळ्यात लग्न झालेले सगळे पुन्हा बिनलग्नाचे झाले, आणि मशीननं सवयीप्रमाणं घरोघर स्थळं धाडली. आष्ट्याच्या एका नव्या नवरीच्या सासूनं तर फोनवर आत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऋषिराजला हसू आवरेना.

हसता हसता त्याला घाम फुटला. श्रावणात लोणंदच्या सृष्टीशी त्याचा साखरपुडा झालेला, याच मंडळातून. ती तलाठी. आणि वैशाखातल्या त्याच्या बायोडाट्यात 'अपेक्षा' म्हणून लिहिलं होतं: मुलीने नोकरी करू नये. तिला पहिल्यांदा भेटून आल्यावर त्यानं ती ओळ लाजून पुसली होती.

फोन वाजला. सृष्टीच.

"आवं, मला मंडळाकडनं स्थळ आलंय. तुमचंच हाय."

"ते जुनं हाय गं. बॅकअपमधलं..."

"म्हंजे मी नोकरी सोडायची?"

"न्हाई गं! आईशप्पत, आता मनातबी न्हाई तसलं." ही पोरगी हातची गेली तर आपलं काही खरं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

ती म्हणाली, "मशीनमधी वैशाखातला ऋषिराज परत आला. उद्या लग्न झाल्यावर घरातबी असाच यील का?"

"न्हाई येणार."

"कशावरनं?"

"मी... मी रोज बॅकअप घेईन," त्याच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडं ती खुदकन हसली. "घ्या की. पण डिस्क देवघरात न्हाई ठेवायची. माझ्यापाशी ठेवायची."