पेजेच्या बाटलीतलं पाणी

मित्रांनो, मानोऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला टेकून, एका डोळ्याचं एक काळं यंत्र बसलेलं तुम्हाला दिसेल. तो मी, सूक्ष्मदर्शक. आता मला फार बोलवत नाही. माझे स्क्रू घट्ट झालेत, खालचा आरसा एका कडेने काळा पडलाय. पण मागच्या उन्हाळ्यात एक चूक झाली, तिच्यात माझाही वाटा होता, आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला स्वस्थ वाटणार नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं एकेक करून बसवली, प्रत्येक उजेडाशी धरून पाहिलं. मग लाकडी पेटी, पेटीत पेंढा आणि कितीतरी दिवसांचा अंधारातला प्रवास. पेटी उघडली तेव्हा समोर पंजाबराव सर उभे होते. त्यांनी मला नळीने उचललं नाही. एक हात मानेला, एक हात तळाला, असं तान्ह्या बाळासारखं उचललं. मी तेव्हाच ओळखलं की आपलं बरं चालणार.

पंजाबराव सरांना एकच नाद होता, शेवाळाचा. पावसाळा सरत आला की ते स्कूटर काढायचे. इंझोरीचा तलाव, रिठदकडची डबकी, रस्त्याकडेच्या खदानी, गुरांचे हौद, काही सुटायचं नाही. पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी काचेच्या बाटल्या खुळखुळायच्या. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मग नमुना भरायचा, असा त्यांचा नेम होता. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची, कारण शाई पाण्यात टिकत नाही. मग त्या पाण्याचा एक थेंब माझ्या भिंगाखाली यायचा.

काय काय पाहिलं मी त्या थेंबांत! चंद्रकोरीसारखं क्लोस्टेरियम. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं मांडलेलं पेडिअ‍ॅस्ट्रम. पोटात आपलीच पिल्लं घेऊन गरगर फिरणारा व्हॉल्व्हॉक्सचा हिरवा चेंडू. आणि स्पायरोगायरा, ज्याच्या धाग्यात हिरवी फीत स्प्रिंगसारखी वळत गेलेली असते. स्पायरोगायरा ओळखणं सोपं, पण त्याची नेमकी जात सांगणं फार अवघड. दोन धागे एकमेकांना जोडले जाऊन त्यांत बीज धरेपर्यंत जात कळतच नाही. तसा नमुना मिळाला नाही की सर नोंदवहीत लिहायचे, ‘स्पायरोगायरा, जात अनिश्चित’. एकदा एक विद्यार्थी कंटाळून म्हणाला, सर, निम्म्या वहीत तर अनिश्चितच आहे.

सर म्हणाले, “मंग निम्मी वही खरी हाये ना, बाबू.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही, तिने ते वहीत उतरवून घेतलं. ती रंजीता. जवळच्या तांड्यातून चालत यायची. भिंग पुसल्याशिवाय तिने कधी मला डोळा लावला नाही. तिच्या चित्रांवर सर लाल पेन चालवायचे नाहीत, हे तिला माहीत होतं आणि तरी दर वेळी वही देताना ती घाबरलेली असायची.

मग सर निवृत्त झाले. दोन डोळ्यांचे, विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले. मला कपाटावर चढवलं गेलं, झाकायला काही मिळालं नाही. चार पावसाळे भिंतीची ओल माझ्या अंगात मुरली. आणि मित्रांनो, ज्याने आयुष्यभर शेवाळ पाहिलं त्याच्याच भिंगावर बुरशी धरली. कोणाला ते कळलं नाही. मलाही तक्रार करायची उमेद राहिली नव्हती. खाली वर्ग भरायचे, सुटायचे, आणि मी धुळीतून पाहत राहायचो.

मागच्या मे महिन्यात सुट्टी होती. प्रयोगशाळेचे जुने शिपाई सेवालाल खिडक्या पुसत होते, तेव्हा दारात रंजीता आली. आता तिच्या कडेवर सव्वा वर्षाची मुलगी होती, गुड्डी. हातात प्लास्टिकची अर्ध्या लिटरची बाटली, बाटलीत हिरवं पाणी. तिने एका दमात सगळं सांगितलं. तिच्या सासरच्या तांड्यातली बोअर आटली होती. सगळे तलावाचं पाणी भरत होते आणि तलाव आठ दिवसांत हिरवागार झाला होता. वारा वाहील त्या काठाला रंग सांडल्यासारखा थर जमत होता. दोन दिवसांपूर्वी रूपलाकाकांची बकरी त्या काठाला पाणी पिऊन आली आणि संध्याकाळपर्यंत मेली.

“कोवळी ज्वारी खाल्ली असन, इखारी राह्यते ते,” सेवालाल म्हणाले. “उनाळ्यात तलाव होतेच हिरवा.”

“तसंच असन दादा. पण गुड्डी बी तेच पानी पिऊन राह्यली.”

दुसरं पाणी म्हणजे पाटलाच्या शेतातली विहीर. मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर हंडा घेऊन जाऊन-येऊन तास जायचा. म्हणून तांड्याचे नायक हरिसिंग यांनी निवाडा तिच्यावर टाकला होता. तू शिकलेली आहेस, तू सांगशील ते आम्ही ऐकू, असं म्हणाले होते. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला. तिच्या एका शब्दावर पन्नास घरं पाणी पिणार होती, नाहीतर पन्नास घरच्या बाया उन्हात चालणार होत्या.

नवे सूक्ष्मदर्शक कुलपात होते आणि किल्लीवाल्या मॅडम गावाला. सेवालालनी स्टुलावर चढून मला खाली काढलं. रंजीताने पदराने माझी धूळ पुसली, आरसा खिडकीकडे वळवला. पण बुरशी भिंगाच्या आत होती, ती पदराने जाणार नव्हती.

थेंबात तिला गोल गोल पेशींचे घोळके दिसले, चिकट गोळ्यात बसवल्यासारखे. आता अडचण अशी, की असे घोळके साध्या हिरव्या शेवाळातही असतात आणि निळ्या-हिरव्या जातीतही. साधं हिरवं शेवाळ बहुधा निरुपद्रवी असतं. निळ्या-हिरव्यांतले काही मात्र विषारी असतात आणि ते विष पाणी उकळूनही जात नाही. नीट दिसलं असतं तर फरक कळला असता. हिरव्या शेवाळाच्या पेशीत रंग एका वाटीत ठेवल्यासारखा असतो, निळ्या-हिरव्याच्या पेशीत तो सगळीकडे पसरलेला. पण माझ्या धुरकट डोळ्यातून वाटीही दिसेना आणि पसरलेलंही दिसेना.

तेव्हा तिला सरांची एक युक्ती आठवली. आयोडिन. हिरव्या शेवाळाच्या पेशीत स्टार्च साठलेला असतो, आयोडिनचा थेंब पडला की तो काळानिळा होतो. निळ्या-हिरव्यात तसा स्टार्च नसतो, ते पिवळट-तपकिरी होऊन राहतं. सेवालालनी कपाटातून बाटली शोधून दिली. थेंब पडला आणि माझ्याखालचं सगळं पाणी गर्द निळं झालं.

“हिरवंच हाय,” रंजीता म्हणाली आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पण ती लगेच उठली नाही. पुन्हा वाकली. निळा रंग पेशींच्या बाहेरही होता, दोन घोळक्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यातही. तिच्या भुवया आक्रसल्या ते मी पाहिलं. तेवढ्यात गुड्डीने भोकाड पसरलं, सेवालाल म्हणाले एसटीची वेळ झाली, आणि तिने नायकांना फोन लावून सांगून टाकलं, काका, साधं शेवाळ आहे, गाळून, उकळून प्या.

त्या रात्री मी टेबलावरच राहिलो. मला ते निळं पाणी बरं वाटत नव्हतं. पण मी फक्त दाखवू शकतो, मित्रांनो. सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सेवालाल कुलूप काढत होते तेव्हा ती आधीच पायरीवर बसलेली होती. गुड्डी मांडीवर झोपलेली. रंजीताचे डोळे जागरणाने सुजलेले.

“दादा, काल मी बाटली पेजेची आनली होती.”

सेवालालना काही उमगेना. “मंग? धुतली होती ना?”

“एकदा विसळली. तीनदा नाही.” मग ती थांबून थांबून बोलली. गुड्डीला रोज सकाळी त्याच बाटलीतून भाताची पेज पाजते. आज नव्या बाटलीतून पेज पाजून झाल्यावर तळाला पांढरा थर बसलेला पाहिला आणि कालचं निळं पाणी आठवलं. पेज म्हणजे सगळा स्टार्चच. “काल मी तलाव नाही पाह्यला, दादा. गुड्डीची पेज पाह्यली.”

यावेळी तिने काचेची बाटली आणली होती, तलावाच्याच पाण्याने तीनदा विसळलेली. आत चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. पण आधी ती माझ्याकडे वळली. सेवालालनी बारीक पेचकस दिला. तिने माझं भिंग उघडलं, कापसाला स्पिरिट लावलं आणि चार पावसाळ्यांची बुरशी हळूहळू पुसून काढली. थोडी राहिली, कडेला. पण मधून मला पुन्हा दिसायला लागलं. खरं सांगतो, आनंद वाटला नाही. पुढे काय दिसणार याचीच भीती वाटली.

तिने दोन काचपट्ट्या केल्या. एकीवर कॉलेजच्या हौदातलं स्पायरोगायरा, आयोडिन खरंच काम करतं का ते पाहायला. दुसरीवर तलावाचं पाणी. दोन्हींवर एकेक थेंब. हौदातल्या धाग्यांत काळेनिळे ठिपके उमटले. तलावाचे घोळके पिवळट-तपकिरी झाले आणि तसेच राहिले. आता रंगही दिसत होता, वाटीत नव्हता, सगळ्या पेशीभर पसरलेला.

बराच वेळ ती डोळा काढेना.

सेवालाल हळूच म्हणाले, “मॅडम येऊ दे, मंग सांगजो. आज शब्द फिरवशीन तर तांडा म्हनन, हिले काही येत नाही.”

रंजीताने टेबलाच्या रिकाम्या खणात हात घालून खेळणाऱ्या गुड्डीकडे पाहिलं आणि फोन लावला. नायकांचा आवाज मोठा, मला इथे ऐकू येत होता.

“काका, मी काल चुकली. ते पानी पिऊ नका. गुराले बी पाजू नका. उकळून बी नाही.”

“काल हो, आज नाही. उद्या काय सांगशीन वो?”

“उद्या बी हेच सांगीन. आज बाटली तीनदा धुतली.”

मग नायक म्हणाले, “तुयी सासू आत्ताच हंडा भरून आली तलावातून.”

“तिले म्हना, ओतून दे.”

पुढचं मला तिच्याकडूनच कळलं, पावसाळ्यात ती पुन्हा आली तेव्हा. सासू जमनाबाईंनी भरलेला हंडा अंगणात ओतला, सुनेला शिव्या देत ओतला, पण ओतला. मग रिकामा हंडा उचलून विहिरीच्या वाटेला त्याच पहिल्या लागल्या. मागून बाकीच्या. वाटेत बाया रंजीताला ‘प्रोफेसरीनबाई’ म्हणून टोमणे मारायच्या आणि तिचाही हंडा उतरवून घ्यायच्या. नमुना तिने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. पावसाने तलाव भरला त्या सुमारास अहवाल आला. पाणी पिण्यास अयोग्य होतं, एवढंच त्यात होतं. बकरी कशाने मेली ते कोणालाच कळलं नाही. गुड्डी बरी होती. तरी रंजीता अधूनमधून तिच्या पोटाला हात लावून पाहायची.

त्या दिवशी तिने सरांची नोंदवही मागून घेतली. शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलने लिहिलं, ‘निळं-हिरवं शेवाळ, मायक्रोसिस्टिस, जात अनिश्चित. पहिली तपासणी चुकीची, बाटली पेजेची होती.’ चूक खोडली नाही. सर तिथे असते तर त्या ओळीवरही त्यांनी लाल पेन चालवलं नसतं.

मित्रांनो, मी थकलो आहे. आता फार दिवस चालेन असं वाटत नाही. तुमच्याही शाळेत माझा कोणी भाऊ असेल, एखाद्या कपाटावर. त्याला खाली काढा. नळीने उचलू नका, मानेला आणि तळाला हात लावा. भिंग पुसा, काम झालं की झाका. आम्हाला नीट ठेवलं नाही तर आम्ही खोटं बोलत नाही, पण अर्धवट दाखवतो, आणि त्या अर्धवटावर कोणीतरी घोटभर पाणी पितं.

त्या दिवशी जाताना रंजीताने मला झाकायला काही शोधलं. काहीच सापडेना. मग तिने पिशवीतून गुड्डीचं लहान झालेलं टोपडं काढलं, माझ्या डोळ्यावर चढवलं आणि खालचे बंद बांधले. गुड्डी ते परत मागत होती. रंजीताने दिलं नाही.