फुल्क्रांच्या भिंतीतल्या पायऱ्या

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी ईस्टर होऊन गेल्यावरही पठारावर बर्फ पडला होता आणि हवा बिघडली की मिटणारं, आमच्या दारावर ठोकलेलं काटेफूल आठवडाभर मिटलेलंच होतं. मी सव्वीस वर्षांची होते, लग्नाला चार वर्षं झाली होती. मेंढ्यांचं दूध काढणं, सूप रांधणं ही कामं होतीच, पण त्या घरात माझं खरं काम होतं निरोप पोचवण्याचं.

निरोप माझे सासरे फुल्क्रां आणि त्यांची थोरली बहीण झेली यांच्यातले. दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मध्ये भिंत होती, आणि हे काही नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. खरीखुरी दगडी भिंत होती, मधोमध, माझ्या खांद्याला लागेल इतकी.

नदीवरच्या जुन्या पुलापासून खेचरांची वाट वर चढते, ती आमच्या चार घरांच्या वाडीत येते. तिथून सासऱ्यांच्या कुरणातून ती कड्याच्या टोकाशी असलेल्या संत युलालीच्या चॅपेलपर्यंत जाते. चॅपेल नऊशे वर्षांचं. छपरावर दगडी पाट्या, आत लाकडाची संतीण, आणि एका खांबाच्या माथ्यावर दाढ दुखणारा माणूस कोरलेला. त्याने गालाला हात लावलाय तो इतका खरा, की बघणाऱ्याचाही हात आपोआप गालाकडे जातो. चॅपेलची किल्ली झेलीआत्याकडे. तिच्या आधी तिच्या आईकडे होती, त्याआधी आजीकडे. आत्याचं घर चॅपेलला लागूनच, भिंतीच्या पलीकडे.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात कोणीतरी मोटारवाले ते चॅपेल बघायला आले. आत्याने कौतुकाने दाखवलं. परत जाताना त्यांनी कुरणाचं फाटक उघडंच टाकलं. मेंढ्या ओल्या लसूणघासात शिरल्या आणि पोट फुगून अकरा मेल्या. बाबा, म्हणजे माझे सासरे, ओरडले नाहीत. महिनाभरात त्यांनी फाटक उपटलं आणि त्या जागी ही भिंत घातली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपल्याकडे गडगा कमरेएवढा असतो, पण ही भिंत रागाने उंच झाली होती.

"फाटक म्हटलं की ते उघडं राहणारच," एवढंच ते म्हणाले.

"त्याला सांग," आत्या मला म्हणाली होती, "मेंढ्या अकरा होत्या त्या मोजल्या. बहीण एकच होती, ती मोजायची राहिली."

हा निरोप मी पोचवला नाही. बाकीचेही मी पाणी घालूनच पोचवायचे.

तेव्हापासून चॅपेलला कोणी येईना. खालून गाडीवाट होती, पण ती तासभराच्या वळशाची आणि खड्ड्यांची. आत्याच्या डाव्या खुब्याचं हाड दुखावलेलं, ती वाडीकडे फिरकायचीच बंद झाली. मी रोज दुधाची बरणी भिंतीवर ठेवून, स्कर्ट आवळून पलीकडे उतरायचे. चौऱ्याहत्तरच्या त्या हिवाळ्यात पाद्रीबाबा गाडीवाटेने आले आणि म्हणाले, "झेली, इथे आता येतं कोण? संतीण ओलीने कुजतेय. येत्या नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला तिला आणि घंटेला खाली गावच्या चर्चमध्ये नेऊ. किल्ली तेव्हा माझ्याकडे दे."

आत्याने त्यांना अक्रोडाची वाइन पाजून वाटेला लावलं. पण त्या दिवसापासून ती किल्ली खुंटीवर न ठेवता खिशात बाळगू लागली.

एप्रिलच्या शेवटी खालच्या मियो शहरातून देलमास नावाचे निवृत्त भूगोल मास्तर वर चढून आले. गुडघ्यापर्यंत लाल मोजे, पाठीवर पिशवी, गळ्यात नकाशा. बाबा कुरणात मेंढ्यांचं कुंड साफ करत होते, मी बरणी घेऊन निघाले होते. मास्तर थेट भिंतीला जाऊन भिडले.

"ही भिंत नकाशात नाही," ते म्हणाले.

"नकाशा इथे राहत नाही," बाबा म्हणाले.

मास्तर हसले. पायी चालणाऱ्यांच्या मंडळाचं काम होतं ते. सहा दिवसांची वाट आखायची, दगडांवर लाल-पांढरे पट्टे ओढायचे, म्हणजे कुणालाही न विचारता माणूस चालत जाईल. पुलावरून आमच्या वाडीत, तिथून चॅपेल, मग कड्याकडेने पुढे. "एवढी देखणी वाट मी चार खोऱ्यांत पाहिली नाही," ते म्हणाले. "पण अडलेली वाट आम्ही छापत नाही. मेच्या शेवटी, पेंटेकॉस्टच्या सणाआधीच्या रविवारी आमची माणसं चालून बघणार. मोकळी असली तर ठीक, नाहीतर खालच्या डांबरी रस्त्याने नेऊ."

तेवढ्यात पलीकडून काठीचा आवाज आला.

"कोण आहे गं?"

"मियोचे मास्तर आहेत, आत्या. वाट आखतायत."

"त्यांना सांग, वाट नऊशे वर्षांपूर्वीच आखलीय. मध्ये एका गाढवानं दगड टाकलेत."

"तिला सांग," बाबा कुंडातून मान वर न काढता म्हणाले, "गाढव दगड वाहतं, रचत नाही."

मास्तर एकदा माझ्याकडे बघत, एकदा भिंतीकडे. "आपोआप मिटणारं फाटक बसवलं तर? स्प्रिंगचं?"

"अकरा," बाबा म्हणाले.

मी मास्तरांना हळूच मेंढ्यांचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, जणू त्या मेंढ्या आत्ताच गेल्या होत्या. मग म्हणाले, "लाकडी शिडी लावता येईल, पण दोन हिवाळ्यांत कुजते."

"आमच्या वडिलांनी खालच्या द्राक्षमळ्याच्या भिंतीत टांगत्या पायऱ्या केल्या होत्या," पलीकडून आत्या मोठ्याने म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती. "लांब दगड अर्धा भिंतीत, अर्धा बाहेर. वरच्या भिंतीचं ओझं तो पेलतो, आणि ते ओझंच त्याला धरून ठेवतं. माणूस चढून जातो, मेंढी जात नाही, आणि उघडं राहायला काही नसतंच. पण आमचे वडील गेले, त्यांच्याबरोबर ते कसबही गेलं. मागे उरले ते नुसते ढीग घालणारे."

कुंडातला बाबांचा हात थांबला.

आणि मास्तर, बिचारे काही माहीत नसलेले, मनापासून म्हणाले, "खरंय हो. असल्या पायऱ्या मी पाहिल्यात, पण करणारा एकही भेटला नाही. आता कोणाला येतच नाही."

बाबांनी कुंडातलं पाणी झटकलं, कुत्र्याला शीळ घातली आणि निघून गेले. मास्तर घाबरून म्हणाले, "माझं काही चुकलं का?" पलीकडून आत्याचा खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती.

त्या संध्याकाळी बाबांनी रोजच्यासारखं ताटलीतल्या उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली, ताटली तोंडाला लावली आणि खाली ठेवताना कुत्र्याला म्हणाले, "ढीग म्हणे."

सकाळी घण, छिन्नी आणि ओळंबा खुंटीवर नव्हते.

पुढचे चार आठवडे मी जे पाहिलं ते मला आजही हातानं करून दाखवता येईल. आधी त्यांनी भिंतीचा दोन माणसांनी हात पसरावेत एवढा लांब भाग वरून खाली उतरवला आणि प्रत्येक दगड ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने गवतावर मांडला. त्या खिंडारातून मेंढ्या जाऊ नयेत म्हणून माझी तिथे नेमणूक झाली. पडक्या मेंढवाड्यातून लांब दगड आणायचं काम माझ्या नवऱ्याचं, एमेचं. दगड हातात आला की बाबा त्याला ठोकून कान लावायचे. भांड्यासारखा वाजला तर ठेवायचे, बदबदला तर फेकायचे. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण हात थरथरत नसे. एकदा ठेवलेला दगड त्यांनी दुसऱ्यांदा हलवलेला मी पाहिला नाही.

एक दिवस अचानक त्यांनी मला विचारलं, "त्या बाईच्या उंबऱ्याची पायरी केवढी आहे?"

"तुमचा जन्म त्या घरातला, बाबा."

"जुनी माहितेय. बदलली का ते विचारतोय."

मी म्हटलं, "खुबा दुखायला लागल्यापासून खाली आणखी एक पाटी टाकून घेतलीय. वितेला चार बोटं कमी, एवढीच उंच. तीसुद्धा डावा पाय आधी टाकून, दार धरून उतरते."

"हं," ते म्हणाले आणि दगडाकडे वळले. घरातल्या उंबऱ्याची दुरुस्ती करायची असेल, असं मला वाटलं.

प्रत्येक पायरी बसली की ते एमेला वर उभं करायचे.

"उडी मार."

"बाबा, पडलो तर?"

"पडलास तर पायरी वाईट. मार. बायकोच्या हातचं एवढं खातोस, ते कधी कामाला यायचं?"

एमे उडी मारायचा. पायरी हलायची नाही. पलीकडे लॅव्हेंडर छाटायच्या निमित्ताने आत्या रोज येऊन बसायची. खिंडारातून दोघं एकमेकांना स्वच्छ दिसत होती, तरी निरोप माझ्यामार्फतच.

"त्याला सांग, वडील तिसरा दगड जरा आत कलता ठेवायचे."

"तिला सांग, वडील डावखुरे होते."

शनिवारी दुपारी भिंत पुन्हा पुरी झाली. मी पायऱ्या मोजल्या. या अंगाने नऊ, त्या अंगाने नऊ. द्राक्षमळ्यातल्या, तेवढ्याच उंच भिंतीत चारच होत्या.

रविवारी मास्तर सात-आठ माणसं घेऊन पुलावरून चढून आले. आदल्या दिवशीच्या पावसाने कुरण चकचकत होतं, पायाखाली चिरडलेल्या रानपाल्याला ओव्यासारखा वास येत होता. दूर, खोऱ्याच्या पलीकडच्या कड्यावर ऊन पडून तो मधासारखा पिवळा झाला होता. पण कोणी तिकडे बघेना. सगळे भिंतीसमोर उभे. एका बाईने पायरीवर तळहात टेकवला, नुसता टेकवला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला.

"पण नऊ का?" ते म्हणाले. "चार पुरल्या असत्या. चालणारे सगळे धडधाकट."

"माझा कुत्रा म्हातारा झालाय," बाबा म्हणाले.

"आणि वर डाव्या हाताला हा उभा दगड?"

"कुत्र्याला टेकायला."

कोणीतरी हसलं. मी हसले नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उंबऱ्याची ती पायरी लखकन उभी राहिली.

पलीकडे आत्या आली होती. काळा झगा, डोक्याला रुमाल, हातात किल्ली. "त्याला सांग," ती म्हणाली, "बाजूला हो. मी येतेय."

मी सांगितलं नाही. काठी तिने भिंतीला टेकवून ठेवली आणि चढू लागली. एकेक पायरी, दोन्ही पाय जुळवत. माथ्यावर पोचली तेव्हा वाऱ्याने तिचा रुमाल उडाला, आणि सहा वर्षांनी तिला आमची सगळी वाडी दिसली. ती तिथेच थांबली. उतरायची भीती वाटली असावी.

"डावा पाय आधी," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघत.

"माहितेय मला."

"दगडाला धर."

"धरलाय."

ती उतरली. शेवटच्या पायरीवर तिने वळून भिंतीवरून खालपर्यंत नजर फिरवली, अगदी सावकाश, वडील जशी फिरवायचे तशी, असं बाबा नंतर म्हणाले.

"ढीग बरा घातलास," आत्या म्हणाली.

मग किल्ली मास्तरांच्या हातात देऊन ती आमच्या स्वयंपाकघरात गेली, तिच्या जुन्या जागी बसली आणि मला म्हणाली, "सूप वाढ गं." आणि पहिला चमचा घेऊन, "मीठ तू कमीच घालतेस, मला या भावाने चार वर्षं सांगितलं नाही."

वाट त्या वर्षीच्या नकाशात छापली गेली. लाल-पांढरा पट्टा मास्तरांनी भिंतीच्या माथ्यावर ओढला होता. बाबांनी तो तारेच्या ब्रशने घासून काढला आणि त्यांना शेजारच्या खडकावर ओढायला लावला. पाद्रीबाबांनी संतीण नेली नाही. ती अजून तिथेच आहे, तिच्या नाकाचं टोक तेवढं ओलीने गेलं. देलमास मास्तर ऐंशीव्या वर्षापर्यंत दर वसंतात रंगाचा डबा घेऊन यायचे. शेवटी शेवटी डबा एमे उचलायचा. एमेला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

झेलीआत्या एक्याऐंशीच्या मार्चमध्ये गेली. दफनभूमी खाली गावात. गाडीवाट बर्फाने बुजलेली, आणि शवपेटी पायऱ्यांवरून नेता येईना. तेव्हा बाबांनी, पंचाहत्तराव्या वर्षी, पायऱ्यांना हात न लावता शेजारची भिंत पेटीएवढी उतरवली. पेटी गेली. दफन करून परतल्यावर त्यांनी कोट काढला आणि अंधार पडायच्या आत ती भिंत पुन्हा घातली. मी दगड हातात देत होते. त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले. त्यांना आमच्याच दारातून पुलाकडे खाली नेलं, भिंत उतरवावी लागली नाही, आणि मला वाटतं त्यांना ते चाललं असतं.

किल्ली आता माझ्याकडे असते. चालणारे दार ठोठावतात, मी त्यांना चॅपेलमध्ये नेते. वाटेत नऊ पायऱ्या उतरताना हल्ली मीही डावा पाय आधी टाकते आणि त्या उभ्या दगडाला धरते. तो जिथे हात पडतो तिथे गुळगुळीत झालाय.