बिनगिलाव्याच्या चर्चमधला पंखा

नाथाजीनं पंख्याचं खोकं चर्चच्या दारात ठेवलं, चपला काढल्या आणि मान वर करून भिंत बघत राहिला. एवढी उंच भिंत, सगळी लाल विटांची, आणि गिलाव्याचा पत्ता नाही. त्याची बायको राजेश्वरी सांगायची तसंच होतं. ती शेजारच्या सिस्टरांच्या दवाखान्यात पेशंटांचा स्वयंपाक करायची. घरी आली की बांधकामाची बातमी द्यायची आणि शेवटी म्हणायची, "अजून गिलावा न्हाई केला बघा." गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

फादर जयराज बाहेर आले. तरणाबांड माणूस, मूळचा मिरजेचा. "काका, चपला असू द्या पायात. इथं चालतं."

"आमाला जमायचं न्हाई."

नाथाजीनं पंखा बाहेर काढला. पात्यांवर लाल रंगात लिहून आणलं होतं : 'कै. सौ. राजेश्वरी यांच्या स्मरणार्थ'. माणूस गेलं की देवळाला पंखा द्यायचा, ही गावची रीत. पण राजेश्वरीचं नाव तिनं हात झिजवले तिथंच लागावं, असं नाथाजीच्या मनानं घेतलं होतं.

फादरांनी कान खाजवला. "काका, आमच्याकडे पंखाच नाही. वर बघा."

वर उतरतं लाकडी छप्पर होतं, पार उंच. बाजूच्या भिंतींत मधल्या विटा सोडून जाळी केली होती. "वारा तिथनं येतो," फादर म्हणाले.

"आन् गिलावा कवा?"

"करायचाच नाही. चांगली वीट झाकायची कशाला?"

"आन् ती बिचारी वाट बघत ऱ्हायली!"

नाथाजी आत शिरला. समोर काळ्या दगडाची वेदी. दाराजवळ दगडी कुंड. "ह्यात पाय धुवायचं?"

"नाही हो! लेकरांचा बाप्तिस्मा होतो त्यात."

"आन् ह्यो फोनच्या बूथावानी लाकडी डबा?"

"तिथं लोक पाप कबूल करतात. पडद्यापलीकडं मी बसतो."

"मग गावातली समदी भानगड तुमाला ठावं!"

"ठाऊक असून काय उपयोग? बोलायची सोय नाही."

नाथाजी हसला, बाकावर बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "वारं येतंय खरं. पर समदीकडं येतंय व्हय?"

फादरांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी उदबत्ती पेटवून आणली. दोघं बाकाबाकापाशी थांबत धूर बघत निघाले. धूर कुठं डावीकडं वळे, कुठं वेदीकडं पळे. नाथाजीचा चेहरा उतरत चालला. शेवटी ते मागच्या माळ्याखाली आले. तिथं छत बुटकं, सिमेंटचं. धूर काठीसारखा सरळ उभा राहिला.

"हितं कोण बसतं?"

"तान्ही लेकरं घेऊन आलेल्या बाया." फादर धुराकडं बघत राहिले. "लेकरं इथंच का रडतात? मला वाटायचं, माझ्या प्रवचनानं."

पुढच्या रविवारी पंखा लागला. नाथाजी बटणाजवळच बसला आणि त्यानं तो एकावर ठेवला. पाती सावकाश फिरत होती. नाव येई, जाई, परत येई.

पुढच्या बाकावरची प्राची मागं वळली. मांडीवर लेकरू, दोघंही घामानं भिजलेली. "आवं आजोबा, जरा जोरात करा की."

"जोरात केल्यावर नाव दिसायचं न्हाई."

"कुनाचं?"

"आमच्या मंडळींचं."

प्राचीनं वर बघितलं. मग पदरानं लेकराचं तोंड पुसलं. "आवं, पर आमी काय वाचायला बसलोय व्हय हितं?"

फादरांचं प्रवचन चालू होतं. नाथाजी पात्यांकडं बघत होता. 'राजेश्वरी' असं एकदा पुरतं वाचून झालं, तसा त्यानं हात लांब केला आणि बटण पाचावर नेलं. अक्षरं एकमेकांत मिसळली. वर नुसतं लाल कडं उरलं.

लेकरू काही गप्प बसलं नाही. पण प्राचीच्या मानेवरचे चिकटलेले केस सुटून भुरभुरू लागले, आणि नाथाजी ते बघत बसला.