काय म्हणून हाक मारायची

सोल मालसुनने पहिल्या समुपदेशकाला अकरा मिनिटांत निकालात काढलं. साठी उलटलेली बाई, कोरियातल्या देगूच्या बाजारात तीस वर्षं तोंडीलावण्याचं दुकान चालवणारी. मुळा हातात घेतला की आतून पोकळ आहे की नाही ते सांगेल. माणूस ओळखायला तिला अकरा मिनिटं म्हणजे जास्तच झाली. "सासूबाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा," म्हणाला तो. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं हगणंमुतणं काढलं मालसुनने, आता तिच्या जागी जाऊन झोपायचं तेवढं बाकी होतं. ती उठली, बूट चढवले आणि चालती झाली.

सासू जाऊन वर्ष होत आलं होतं, पण छातीतली आग विझत नव्हती. आमच्याकडे या दुखण्याला 'आगीचा आजार' असंच नाव आहे. तो बायकांनाच जास्त होतो, आणि का होतो ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मागच्या महिन्यात नवरा ताकग्यू जेवता जेवता म्हणाला, "अगं उसोकची आई, आईचं वर्षश्राद्ध जोरात करू. तीसेक पानं होतील." करू म्हणे. याने आयुष्यात कधी कांदा चिरला नाही. मालसुन गच्चीवर गेली आणि सासूच्या हातची सोयाबीनची पेस्ट भरलेला माठ उचलून तिने फरशीवर आपटला. आवाज ऐकून लेक ह्येरिम धावत आली, आईचं तोंड बघून घाबरली, आणि तिनेच समुपदेशक शोधायला घेतले.

मालसुनला एवढंच हवं होतं. हे श्राद्ध मी करणार नाही, हे तोंडातून निघायला हवं होतं. 'नाही' म्हणायची तिला सवयच नव्हती. पुढचा माठ कुणाच्या टाळक्यात बसेल याची आता तिची तिलाच खात्री उरली नव्हती.

दुसऱ्या समुपदेशिकेच्या भिंतीवर पाच प्रमाणपत्रं टांगलेली. "आमची मानवतावादी पद्धत आहे, आई," ती गोड आवाजात म्हणाली. "इथे उपदेश नाही, फक्त ऐकून घेणं."

"छातीत आग होते," मालसुन म्हणाली.

"आईंच्या छातीत आग होते तर."

"नवऱ्याचं तोंड बघवत नाही."

"आईंना नवऱ्याचं तोंड बघवत नाही तर."

"पोपट पाळायचा असता तर घरीच पाळला असता की," मालसुन म्हणाली, आणि पुन्हा बूट.

घरी येऊन तिने ह्येरिमला फैलावर घेतलं. "ऐकून घेणं म्हणे. ऐकतो तर माझा फ्रीजपण. मध्ये मध्ये हुंकारतोसुद्धा."

"आई, कपड्यासारखं असतं हे. एकदोन घालून बघावे लागतात," ह्येरिम म्हणाली. "अजून एक. हे शेवटचं."

तिसऱ्या प्यो बाई. इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली, खालून तापवलेली जमीन, दोन उशा. भिंतीवर काही नाही. सत्तरीच्या प्यो बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या आई, बसा."

झालं. दारातच भडका उडाला.

"कुणाची आई? तुम्ही माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, मी तुमची आई? बँकेतला कारकून आई म्हणतो, नर्स आई म्हणते, नवरा उसोकची आई म्हणतो. दुकानाची पाटीसुद्धा 'उसोकची तोंडीलावणी'. वाटण मी वाटते आणि नाव लेकाचं, तो बसलाय तिकडे राजधानीत."

प्यो बाई उभ्याच होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "काय म्हणू मग?"

मालसुन खाली बसली. "मालसुन. म्हणजे शेवटची. चार मुलींवर पाचवी झाले, तेव्हा बापाने ठेवलं, आता मुली पुरे म्हणून. ते नाव नाही, शिवी आहे."

पहिल्या समुपदेशकाने या नावाला 'वेगळं आहे, छान' म्हटलं होतं. प्यो बाई तसलं काही बोलल्या नाहीत. "मग हेही नको आणि तेही नको. सापडेपर्यंत काहीच म्हणत नाही," एवढंच म्हणाल्या. आणि खरंच, पुढचा तासभर त्यांनी तिला काहीही म्हटलं नाही.

"श्राद्ध करू की नको ते सांगा," मालसुन म्हणाली.

"ते मी सांगितलं तर आणखी एक सासू होईल."

"मग तुमचा उपयोग काय?" मालसुन फटकन म्हणाली.

"राग येतोय माझा."

"येतोय. डोक्यात जाताय तुम्ही."

"येऊ दे. इथे तो गिळायची गरज नाही."

मालसुन मग बोलत सुटली. नऊ वर्षं, बेडपॅन, नणंदांचे फोन, 'ए, इकडे ये' एवढीच सासूची हाक. दवाखान्याच्या कागदांवर दर महिन्याला दोन नावं लिहायची, रुग्णाचं आणि आपलं. आणि तिथे ती थांबली. "माकसुन," ती म्हणाली. "म्हातारीचं नाव माकसुन. अर्थ तोच. शेवटची." "तिला ठाऊक होतं हो कसं लागतं ते. तरी मला ए म्हणायची." ती रडली, पण रागानेच रडली.

निघताना तिने विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी बऱ्या की नाही, हे कसं ओळखायचं?"

"घरी गेल्यावर माझं बोलणं आठवलं, तर दुसरं कुणी शोधावं," प्यो बाई म्हणाल्या. "स्वतःचं आठवलं, तर यावं परत."

श्राद्धाच्या संध्याकाळी नणंदा आल्या तेव्हा चूल थंड होती. मेजावर एक पिकलेलं पर्सिमनचं फळ, म्हातारीला तेच आवडायचं. ताकग्यू ब्रश घेऊन आत्म्याला बोलावण्याचा कागद लिहीत होता, दर वर्षी वाडवडिलांना लिहितात तसा: पाक घराण्यातील मातोश्री. पाक हे म्हातारीचं माहेर.

"पाक घराण्यातल्या बायका काय थोड्या मेल्यात?" मालसुन म्हणाली. "यातली कुठली यायची? नाव लिहा."

"बाईचं नाव लिहीत नाहीत. आणि स्वयंपाक कुठाय, उसोकची आई?"

"नाही केला. आई तुमची, तुम्ही करा. दुकानात मुळा आहे, सुरी आहे." तिने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि कागदावर लिहिलं: पाक माकसुन. अक्षर वाकडं आलं. थोरली नणंद ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आईचं नाव लिहिलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

ताकग्यूचा चेहरा लाल झाला. "हे त्या बाईने शिकवलं ना तुला? काय काय सांगितलं तिने?"

मालसुनने आठवून पाहिलं. प्यो बाई काय काय बोलल्या होत्या, मन लावून आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना.

"काही नाही," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "ह्येरिम, पुढच्या मंगळवारची वेळ घे. आणि नाव विचारलं तर मालसुन सांग."