शिक्क्याखालची ओळ

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. आमच्या साकाता गावात बाईला दिवस गेले की ती नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन कळवते, आणि तिथली कारकूनबाई माझ्यासारखी एक वही दोन्ही हातांनी तिच्या हवाली करते. डॉक्टर माझ्यात तपासणीचे आकडे लिहितात, आई बाळाच्या गोष्टी लिहिते. पुढे लेकीला मूल होणार असलं, की आई तिची वही तिला देऊन टाकते. एवढंच आमचं आयुष्य. पण माझ्या पोटात एक ओळ आहे, आणि तिच्यापायी मी अठ्ठावीस वर्षं धास्तावलेली आहे.

मी कोरी होते तेव्हा माझ्या मुखपृष्ठावरचं बदक पिवळंधमक होतं. माझी मालकीण चिनात्सु बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तिने मला फुलाफुलांची कापडी पिशवी शिवली. नवव्या आठवड्यात तिने माझ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'तीन दिवस ताप. अंगावर लाल पुरळ.' तपासणीच्या दिवशी ते पान उघडून डॉक्टरांपुढे ठेवलं. तोंडाने मात्र चकार शब्द काढला नाही. लिहिलंय ते डॉक्टर वाचतीलच, वर आपण बोलून त्यांचा वेळ कशाला खायचा, अशी आमच्याकडच्या बायकांची रीत.

डॉक्टरांनी वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला आणि लाल शिक्का ठप्पकन मारला. तो नेमका त्या ओळीवर बसला.

"सगळं छान आहे हं," ते म्हणाले.

मला ओरडावंसं वाटलं. पण वहीला तोंड कुठे असतं?

तो ताप म्हणजे रुबेला होता, पोटातल्या बाळाला बाधणारा. सुझुना जन्मली ती हृदयाला भोक घेऊन, आणि कानांना तिच्या जेमतेम ऐकू येत होतं. त्या दिवशी चिनात्सुने माझ्यात एकच वाक्य लिहिलं, 'आलीस. बरं झालं आलीस.'

ती चूक तिच्या नवऱ्याच्या, कोहेईच्या, लक्षात आली. "अगं, तू लिहिलं होतंस की! आणि ह्यांनी त्याच्यावरच शिक्का हाणलाय!" डॉक्टरांवर खटला उभा राहिला. एक मागणी आईबापांची, दुसरी सुझुनाच्या नावाने, की हा जन्मच माझं नुकसान आहे. माझ्या बदकाच्या डोक्यावर चिठ्ठी चिकटली, 'पुरावा क्रमांक एक.' मी एकटीच साक्षीदार. भीतीने माझी पानं चिकटून गेली होती.

आईबापांच्या वकीलबाई, इनोमाता, चिनात्सुला समजावत होत्या. "हे बघा, तिकडचा वकील विचारणार, आधी कळलं असतं तर मूल ठेवलं असतंत का? 'नसतं' म्हणालात तरच दाव्यात दम राहील. 'ठेवलं असतं' म्हणालात, तर ते म्हणतील, मग तुमचं गेलं काय?"

"पण सुझुना समोर असेल हो. घरी ठेवायला कुणी नाही."

"दोन वर्षांची तर आहे. तिला काय कळतंय?"

न्यायालयात तिकडच्या वकिलाने मला उघडून मोठ्याने वाचलं, "'बरं झालं आलीस.' तुमचंच अक्षर ना? मग सांगा, कळलं असतं तर?"

चिनात्सुने लेकीकडे पाहिलं. सुझुना बापाच्या मांडीवर बसून त्याच्या कोटाचं बटण चावत होती. तिला धड ऐकू येत नाही, ह्याचा आईला त्या दिवशी पहिल्यांदा आधार वाटला.

"मी तिला जन्म दिला नसता," ती म्हणाली.

आणि निकाल काय लागला, ऐका. बाळातल्या दोषासाठी गर्भपात, असं कारणच आमच्या देशाच्या कायद्यात नाही, म्हणून त्या उत्तरावर न्यायालयाला काही देता येईना. मनाची तयारी करण्याची संधी हुकली, तेवढ्यापुरती आईबापांना भरपाई मिळाली. सुझुनाची मागणी साफ फेटाळली. जन्माला येणं आणि मुळीच नसणं ह्यांची तुलना आम्हाला करता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. जे वाक्य बोलताना चिनात्सुचा जीव निम्मा झाला, ते कुणाच्या उपयोगाचंच नव्हतं.

मग मी कपाटात गेले, हिवाळ्याच्या पांघरुणांखाली. कपाटाचं दार वाजलं की वाटायचं, आज लेकीच्या हाती लागते की काय!

शेवटी तो दिवस आलाच. सुझुनाला दिवस गेले. "आई, माझी वही दे ना. लहानपणच्या लसी बघायच्यात."

"सापडत नाहीये गं," चिनात्सु तीन दिवस म्हणत राहिली. चौथ्या दिवशी तिने मला टेबलावर ठेवलं. सुझुनाला ओठ वाचता यावेत म्हणून समोर बसली, आणि सगळं सांगितलं. ते वाक्यसुद्धा.

"म्हणजे खटला माझ्याही नावाने होता, आणि मी हरले?"

"हो."

"बरं झालं हरले." पण ती हसली नाही. "तू बोललीस ते खरं होतं?"

"ताप आलेल्या त्या चिनात्सुला तू माहीतच नव्हतीस. तिने काय केलं असतं, मला नाही सांगता येत. पण बोलले तेव्हा तू माहीत होतीस. त्याचीच मला लाज वाटते."

सुझुना बराच वेळ पानं उलटत राहिली. मग आपल्या जन्माच्या दिवशीच्या त्या एका वाक्यावर तिने बोट ठेवलं. "आणि हे? हे लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

तिने मला छातीशी धरलं. चिनात्सु हमसून हमसून रडली.

माझी धास्ती मात्र अजून गेलेली नाही. मित्रांनो, कुणी न बोलता काही लिहून तुमच्यापुढे ठेवलं, तर हातातलं काम थांबवून ते वाचा हो. एवढीच माझी विनवणी.

काल सुझुना तपासणीला गेली. तिने स्वतः लिहिलेलं पान उघडून तिची नवी वही टेबलावर ठेवलेली होती, मी शेजारी. डॉक्टरांनी वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला, शिक्का उचलला. तेवढ्यात सुझुनाने आपला तळहात पानावर पालथा ठेवला.

"आधी वाचा, डॉक्टर."