कायमचा परवाना

“कुणाला काही देताना ‘कायमचं’ म्हणू नकोस गं. ‘आहे तोवर’ म्हण. कायमचं देणारा वेगळा आहे.”

सकाळी प्रार्थनेला डोळे मिटले की आईचं हे सांगणं तिला आठवायचं. आज मात्र ते भर दुपारी ऑफिसात, कानाला फोन असताना आठवलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पलीकडे जोडेवाले काका होते. ज्यांचा एक पाय आखूड, एक लांब, अशांसाठी ते बूट शिवत. एकेका गिऱ्हाइकाच्या पायाचा नमुना त्यांनी तिच्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये काढून ठेवलेला. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आणला. नमुने पेन ड्राइव्हवर शाबूत होते, पण नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम त्यांचा परवाना मानायलाच तयार नव्हता.

“काका, तो जुना परवाना कंपनीनं बंद केलाय,” तिनं शिकवल्याप्रमाणे सांगितलं. “आता विकत देत नाहीत. दरमहा वर्गणी. भराल तोवर चालतं.”

“म्हणजे पाय माझ्या गिऱ्हाइकांचे, रेघा माझ्या, आणि कुलूप तेवढं तुमचं!” काका हसले. मग त्यांचा आवाज उतरला. “पण त्या बाई तर म्हणाल्या होत्या, काका, एकदाच घ्या, कायमचं तुमचं. माझ्या दुकानात, डुगडुगत्या स्टुलावर बसून. अडलंत तर मी स्वतः येईन, असंही म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या हो त्या. तुमच्याच ऑफिसात असतील, विचारा ना.”

त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. ‘सगळ्यांचं करता आणि याचं राहिलं की, काका!’ असं तीच तेव्हा म्हणाली होती.

“त्या… आता इथे नसतात.”

“अरेरे! गेल्या?”

“नाही, नाही! आहेत… म्हणजे…”

“असू देत, सुखात असू देत. भेटल्या तर सांगा, त्यांच्या शब्दावर विसंबलो होतो. एका पोरीचे बूट अडलेत. वाढता पाय, जुने चावायला लागलेत तिला.”

तिनं फोन ठेवला. ज्या तोंडानं सकाळी देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडानं स्वतःला ‘नसतात’ म्हणायचं! ती उठली आणि साहेबांच्या टेबलापाशी गेली.

“करारात आहे की, ताई,” साहेब म्हणाले. “कायमचा, म्हणजे उत्पादन बाजारात असेपर्यंत.”

“विकायला पाठवलंत तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.”

“तुम्ही विचारलं होतं?”

नव्हतं विचारलं. ‘कायमचं’ म्हटलं की गिऱ्हाईक पटकन हो म्हणायचं, तेवढंच तिला पुरलं होतं.

“अहो, हल्ली कायमचं राहिलंय काय?” साहेब मोठ्यानं म्हणाले. “नवरेसुद्धा वर्गणीवरच बरे!”

आजूबाजूची टेबलं खिदळली. सवयीनं तीही हसली, आणि हसू ओठांवर असतानाच तिला स्वतःचं तोंड नकोसं झालं.

“साहेब, माझा फिरतीवरचा लॅपटॉप कपाटात पडलाय. त्यातला जुना प्रोग्रॅम नेटला न विचारता चालतो. काकांचे नमुने त्यावर उघडून कागदावर काढून देते.”

“आणि उद्या सगळेच मागायला लागले तर?”

“त्या सगळ्यांना मीच तसं सांगितलं होतं, साहेब.”

साहेबांनी समोरची फाइल ओढून उघडली. “तुम्ही मला विचारलंच नाहीत, असं समजतो,” ते पुटपुटले.

तिनं लॅपटॉप पुसला, सुरू होतोय ना ते पाहिलं, मोठ्या कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि फोन लावला.

“काका, दुकानात आहात ना? त्या बाई येतायत.”

“अरे वा, सापडल्या? कुठे होत्या?”

“इथेच होत्या,” ती म्हणाली.

जिना उतरताना दुकानात पाऊल टाकल्यावर बोलायचं पहिलं वाक्य ती मनात जुळवत होती. ते काही जुळेना. ती तशीच उतरत राहिली.