पाचव्या मजल्याची टोपली

विद्यापीठात शिकणारी रीम सकाळपासून शुब्रा भागातल्या एका गल्लीत दारोदार फिरत होती. शहरात राहण्याचे फायदे कोणते आणि तोटे कोणते, हे रहिवाशांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यायचे, असा तिचा अभ्यास होता. अखेर दमून ती हाज शिहाताच्या किराणा दुकानापुढच्या बाकावर टेकली. अब्ला इन्शिराह त्याच वेळी चीज घ्यायला खाली उतरल्या होत्या. दुकानावरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्या बावीस वर्षे राहत होत्या. शाळेत शिकवत म्हणून सगळी गल्ली त्यांना अब्ला, म्हणजे बाई, असेच म्हणे. रीमने सरकून जागा केली, तेव्हा त्यांना नाही म्हणता आले नाही.

"फायदा काय सांगू पोरी," इमारतीचा दरवान इद्रीस मध्येच म्हणाला. "आमच्या अस्वानकडे नदी फुकट, वारा फुकट, सावली फुकट. कमाई तेवढी नाही. इथं सावलीलाही भाडं पडतं, पण पोरं शिकली माझी."

एरवी यावर हाज शिहाताने टोला हाणलाच असता, की तुझी कमाई म्हणजे खुर्ची झिजवण्याचा पगार. आज तो मान खाली घालून चीज कापत राहिला. चार दिवसांपासून त्याचे हे असेच चालले होते.

"आणि तुम्ही, अब्ला?"

उत्तर इन्शिराहपाशी कधीचे तयार होते. मिन्याजवळच्या ज्या खेड्यात त्या ऐन तिशीत विधवा झाल्या, तिथे त्यांच्या दारावर किती थापा पडतात याचीही सारे गाव मोजदाद ठेवी. इथे आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला होता.

"इथं कुणी कुणाच्या पातेल्यात डोकावत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या वर्षानुवर्षे अभिमानाने उच्चारत आल्या होत्या. आज ते त्यांच्याच कानांना परके वाटले.

रीमने ते जसेच्या तसे टिपून घेतले. "आणि वाईट गोष्ट?"

"वाईट? शुक्रवारी पाहिलं की सगळ्यांनी!" इद्रीस म्हणाला. "पाचव्या मजल्यावरच्या मदाम इस्मत गुरुवारी सकाळी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कुणी नाही, फोन आतल्या खोलीत. बाई सरपटत सज्ज्यापर्यंत गेल्या, रोज सामानासाठी दुकानापर्यंत सोडतात त्या टोपलीत दाराची किल्ली टाकली आणि गजांमधून दोर खाली सोडला. किल्ली मिळाली कधी? शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर. तीस तास बाई फरशीवर!"

जिन्यावर पावले वाजली. मदाम इस्मत यांचा तांताहून आलेला भाचा वगदी मावशीच्या कपड्यांची पिशवी घेऊन उतरत होता. त्याने शेवटचे वाक्य ऐकले असावे.

"लिहा, ताई, हेही लिहा," तो रीमला म्हणाला. "माझी मावशी शपथेवर सांगते, टोपली गुरुवारीच खाली पोचली. दोर सैल पडला तिच्या हातात, म्हणजे जमिनीला टेकलीच ना? बिचारी वाट बघत बसली, आता हाज येईल, मग हाज येईल. आणि हाजसाहेब गल्ल्यावर!"

"टोपली आली नव्हती, बाळा," शिहाता हळूच म्हणाला.

"अकरा वर्षं रोज येते, त्याच दिवशी नाही आली?"

"मला वाटलं, तांताला गेल्या असतील बहिणीकडे."

"वाटलं! म्हणजे बघितलं नाही."

शिहाताने सुरी खाली ठेवली. "चार दिवस तेच आठवून पाहतोय. वर हे कापडी छत, त्यातून काही दिसत नाही. पण खाली आलेली टोपली दिसायला हवी होती मला. आली असेलही. डोळे गेले असतील माझे. थोरला म्हणतोच, अब्बा, दुकान बंद करा आता."

हे ऐकताना इन्शिराहना त्याच्याकडे पाहवेना.

गुरुवारी सकाळी त्या आपल्या सज्ज्यात चादरी वाळत घालत असताना ती टोपली वरून डुलत आली आणि ओल्या कापडाला घासली. टोपलीच्या खालच्या बाजूला नेहमीसारखी धूळ होती. शाळेला उशीर होत होता. त्यांनी चडफडत टोपली बाजूला ओढली, वाळवणाच्या लोखंडी दांडीत अडकवली आणि कडेला एक चिमटा लावून टाकला. मदाम इस्मत यांच्या हातातला दोर तेव्हाच सैल पडला असणार. संध्याकाळी परतल्यावर टोपली तशीच दिसली. आत पाहण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही, कारण दुसऱ्याच्या टोपलीत पाहायचे नसते. गल्लीतली लहान मुलेसुद्धा शेजाऱ्याच्या टोपलीखालून मान वळवून जातात. त्या टोपलीतून माणसाचे पैसे उतरतात, औषधे चढतात, उधारीच्या चिठ्ठ्या उतरतात. न पाहणे हेच सभ्यपण. शुक्रवारी दुपारी चादरी काढताना त्यांनी दांडीवरून टोपली मोकळी केली, तशी ती चिमट्यासकट खाली गेली. थोड्याच वेळात जिन्यावर शिहाताची धावती पावले त्यांनी ऐकली. त्या क्षणापासून त्यांना सगळे ठाऊक होते.

सांगायचे तर तेव्हाच सांगायला हवे होते. पण सगळे शिहाताची पाठ थोपटत होते, आणि एवढ्या गोंधळात कोण विचारतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून मदाम इस्मत यांचा निरोप आला की टोपली गुरुवारीच पोचली होती, तसे थोपटणारे हात मागे झाले. रोज सांगण्याचे शब्द त्या जुळवीत, आणि रोज ते जड होत जात.

"अब्ला, वाईट गोष्ट सांगत होतात तुम्ही," रीमने आठवण केली.

"तीच," इन्शिराह म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मघाशी चांगली म्हणून लिहिलीस ना, तीच." त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. "हाज, टोपली आलीच नव्हती. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी अडकवून ठेवली होती. माझ्या दांडीला, चिमटा लावून. चादरी मळत होत्या म्हणून."

इद्रीसने खुर्चीतून उठल्यासारखे केले आणि पुन्हा बसला. वगदीच्या हातातली पिशवी हळूहळू जमिनीला टेकली.

"संध्याकाळीसुद्धा पाहिली," त्या म्हणाल्या. सांगायचेच तर अर्धे ठेवून चालणार नव्हते. "एकदा आत पाहिलं असतं तरी किल्ली दिसली असती."

"आणि चार दिवस हे ऐकत बसलात?" वगदी म्हणाला. "मी या माणसाला तोंडावर काय काय बोललो!"

"ऐकत बसले."

शिहाता दोन्ही हात फळीवर टेकून उभा होता. त्याचा चेहरा आधी उजळला, हे इन्शिराहनी पाहिले. मग तो उजळला म्हणून त्यालाच लाज वाटली असावी. त्याने तोंड वळवले.

"म्हणजे मी आंधळा नाही," तो पुटपुटला. इन्शिराह शिव्यांची वाट पाहत राहिल्या. शिव्या आल्या असत्या तर बरे झाले असते.

"माफ करा, हाज."

"माझं होऊन जाईल, अब्ला. मला नुसती बोलणी बसली." फळीमागे वाकून त्याने टोपली काढली, शुक्रवारपासून ती त्याने तिथेच ठेवली होती. दोर नीट गुंडाळला होता आणि कडेला इन्शिराहचा निळा चिमटा अजून तसाच चावून बसलेला होता. तो त्याने काढला नाही. या चार दिवसांत तो चिमटा त्याला दिसलाच नव्हता, की दिसूनही तो गप्प राहिला होता, हे विचारण्याचा धीर त्यांना झाला नाही.

"ही तुम्ही घेऊन जा रुग्णालयात, मदाम इस्मतकडे," तो म्हणाला. "आत्ताच. वगदी निघालाच आहे."

वगदीने त्यांच्याकडे पाहिले नाही, पण तो थांबला. रीमने कागद मांडीवर उपडा ठेवला होता. इन्शिराहनी टोपली दोन्ही हातांत घेतली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यात वाकून पाहिले. तळाशी थोडी धूळ होती, आणि पावाचा एक वाळलेला तुकडा.

"चला," त्या वगदीला म्हणाल्या.